मराठी पुस्तकात रशियन मजकूर: इनडिझाइनमध्ये सिरिलिक कसे बसवायचे

मराठी मजकुराच्या मध्येच रशियन ओळी येण्याचे प्रसंग पुण्यात वाटतात त्यापेक्षा जास्त. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकणाऱ्यांसाठी काढलेली शब्दावली असते, भारतविद्येवरच्या प्रबंधाची संदर्भसूची असते, कवितांचा अनुवाद समोरच्या पानावर मूळ ओळी ठेवून छापायचा असतो. काम जाते नारायण पेठेतल्या किंवा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे, आणि देवनागरी-इंग्रजी डोळे मिटून लावणारा हात तिसऱ्या लिपीपाशी, म्हणजे रशियनच्या सिरिलिकपाशी, अडतो. हा लेख त्या हातासाठी आहे. भर इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅमवर आहे. गणित-विज्ञानवाल्यांसाठी लेटेकचा (आज्ञा लिहून पाने लावण्याच्या पद्धतीचा) भाग पुढे वेगळा दिला आहे.

आधी एक सवय सोडा

श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट वापरून काम शिकलेल्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्के बसलेले असते: फॉन्ट बदलला की लिपी बदलते. जुन्या पद्धतीत ते खरेच होते. फाइलमध्ये साठवलेले असायचे ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, आणि त्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. म्हणून मराठी परिच्छेदाला एरियल लावले की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असे नाही. सिरिलिकला स्वतःचा पत्ता आहे: हेक्स (सोळा अंकांच्या) मोजणीत ०४०० ते ०४एफएफ, एकूण २५६ जागा. रशियनची ३३ अक्षरे त्यातच आहेत. मोठे ‘आ’ ०४१० वर सुरू होते, छोटे ‘या’ ०४४एफ वर संपते. फक्त ‘यो’ हे अक्षर या सलग रांगेच्या बाहेर पडले आहे: मोठे ०४०१ वर, छोटे ०४५१ वर. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच गाडी अडते.

म्हणून सिरिलिकमध्ये काहीही बिघडले, तर तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे. अक्षराचा क्रमांक बरोबर आहे का? त्या क्रमांकाचा आकार या फॉन्टमध्ये आहे का? आणि हा मजकूर रशियन आहे हे प्रोग्रॅमला सांगितले आहे का? पहिला बिघाड फॉन्ट बदलून कधीच सुटत नाही. दुसरा फक्त फॉन्ट बदलूनच सुटतो. तिसरा बिघाड दिसतच नाही. ओळ भलत्या ठिकाणी तुटते तेव्हा कळतो.

काम अजून पेजमेकरमध्ये होत असेल, तर इथेच थांबा. पेजमेकरला युनिकोड येत नाही. रशियन शब्द चित्र म्हणून चिकटवण्याची युक्ती दोन शब्दांना चालते, शब्दावलीला नाही. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्येच ठेवायचा असला, तरी फाइल इनडिझाइनमध्ये आणा. तिथे जुन्या फॉन्टची मराठी आणि युनिकोड रशियन एका ओळीत नांदू शकतात, कारण दोघांचे क्रमांक एकमेकांवर येत नाहीत. मात्र पूर्ण परिच्छेदाला एकच फॉन्ट लावायचा मोह टाळावा लागेल.

मजकूर हातात आला की

रशियन मजकूर वर्ड फाइलमध्ये मागा. पीडीएफमधून कॉपी केलेला शक्यतो घेऊ नका. अलीकडच्या वर्ड फाइलमधला मजकूर युनिकोडच असतो. घोळ होतो तो जुन्या साध्या टेक्स्ट फाइलींचा. रशियनसाठी युनिकोडपूर्वी निदान तीन सांकेतिक पद्धती जोरात होत्या: विंडोज-१२५१, कोई८-आर आणि डॉसची ८६६. एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीने उघडले की कचरा दिसतो. त्याला रशियनमध्ये ‘क्राकोझ्याब्री’ असे झक्क नाव आहे. कचऱ्याच्या रूपावरून रोग ओळखता येतो:

- अक्षरे सिरिलिकच आहेत पण अर्थ नाही, आणि शब्दाचे पहिले अक्षर छोटे, बाकी सगळी मोठी: कोई८-आरची फाइल १२५१ म्हणून उघडली आहे. दोन्हींत मोठ्या आणि छोट्या अक्षरांच्या जागा उलट्या आहेत, म्हणून असे होते.
- मजकूर दुप्पट लांब झाला आहे आणि एकाआड एक रशियन ‘एर’ किंवा ‘एस’ (दिसायला इंग्रजी पी आणि सी) येत आहे: यूटीएफ-८ ची (युनिकोड साठवण्याच्या पद्धतीची) फाइल १२५१ म्हणून उघडली आहे.
- टोप्या आणि टिंबे असलेल्या युरोपीय अक्षरांची रांग: १२५१ ची फाइल पश्चिम युरोपीय म्हणून उघडली आहे.
- नुसते चौकोन: मजकूर बहुतेक ठीक आहे, फॉन्टमध्ये आकार नाहीत.
- नुसती प्रश्नचिन्हे: मजकूर गेला. कुठल्या तरी प्रोग्रॅमने सेव्ह करताना अक्षरे टाकून दिली. मूळ फाइल पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

पहिले तीन प्रकार नोटपॅड++ मध्ये सुटतात. फाइल उघडा, एन्कोडिंग मेनूत कॅरेक्टर सेट्स, त्यात सिरिलिक, आणि एकेक पर्याय लावून पाहा. शब्द वाचण्याजोगे दिसले की त्याच मेनूतून ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ करा आणि नव्या नावाने सेव्ह करा. नुसते ‘यूटीएफ-८’ निवडणे आणि ‘कन्व्हर्ट’ करणे या वेगळ्या क्रिया आहेत. पहिली फक्त चष्मा बदलते, दुसरी फाइल बदलते. लिब्रेऑफिस रायटरमध्येही फाइल उघडताना ‘टेक्स्ट – चूज एन्कोडिंग’ हा प्रकार निवडून हेच करता येते.

मॅकवरून किंवा पीडीएफमधून आलेल्या मजकुरात आणखी एक लपलेली खोड असते. ‘यो’ आणि आखूड ‘इ’ (‘इ क्रात्कोये’, ज्याच्या डोक्यावर चंद्रकोर असते) ही अक्षरे कधीकधी दोन तुकड्यांत येतात: साधे अक्षर आणि त्यापाठोपाठ वेगळे डोक्यावरचे चिन्ह. स्क्रीनवर ठीक दिसतात, छापताना चंद्रकोर बाजूला सरकते. ओळखायचे असे: कर्सर अक्षराच्या पुढे ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबा. अक्षर तसेच राहून फक्त चंद्रकोर गेली तर तुकडे आहेत. फाइंड-चेंजमध्ये तुकड्यांची जोडी शोधून तिच्या जागी कीबोर्डवरून टाइप केलेले अखंड अक्षर घाला.

‘यो’बद्दल एक सूचना. मोठ्यांसाठीच्या रशियन पुस्तकांत ‘यो’च्या जागी टिंबांशिवायचे ‘ये’ छापण्याची सर्रास पद्धत आहे. मुलांच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत मात्र ‘यो’ छापतात. तेव्हा टिंबे नाहीत म्हणून स्वतःहून दुरुस्ती करू नका. लेखकाला विचारा, आणि पुस्तकभर एकच पद्धत ठेवा.

कीबोर्ड

पूर्ण मजकूर तुम्हाला टाइप करायचा नसला, तरी दुरुस्त्यांपुरता कीबोर्ड लागतोच. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, मग ॲड ए लँग्वेज, आणि यादीतून रशियन. भाषेच्या पर्यायांत कीबोर्डचे दोन उपयोगी प्रकार दिसतील. ‘रशियन’ हा रशियात वापरतात तो. ‘रशियन – निमोनिक’ हा उच्चारावर चालणारा. इंग्रजी के दाबला की रशियन ‘का’. मराठी फोनेटिकची सवय असलेल्याने निमोनिकच घ्यावा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की मराठी, इंग्रजी, रशियन असे फिरते. मॅकवर कीबोर्डच्या इनपुट सोर्सेसमध्ये ‘रशियन – क्वर्टी’ हा तसाच प्रकार आहे.

पारंपरिक रशियन कीबोर्ड वापरणाऱ्यांना दोन कळा हमखास सापडत नाहीत. ‘यो’ असतो १ च्या डावीकडच्या कोपऱ्यातल्या कळीवर. पूर्णविराम असतो उजव्या शिफ्टशेजारच्या तिरक्या रेघेच्या कळीवर, आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की स्वल्पविराम.

फॉन्ट निवडताना

देवनागरी आणि सिरिलिक दोन्ही असलेले फॉन्ट मोजके. त्यांतला पुस्तकाला चालेल असा म्हणजे आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका. मोफत आहे, मुक्त परवान्याचा आहे, देवनागरी जोडाक्षरे भरपूर, शिवाय लॅटिन आणि सिरिलिक. त्याची अडचण एकच: साधा आणि ठळक, एवढीच दोन वजने. तिरका नाही. संदर्भसूचीत रशियन ग्रंथनामे तिरकी हवी असतील तर दुसरा फॉन्ट आणावाच लागतो.

बहुतेक कामांत दोन फॉन्टची जोडी लावणे बरे. देवनागरीसाठी तुमचा नेहमीचा युनिकोड फॉन्ट ठेवा, आणि सिरिलिकसाठी पीटी सेरिफ (रशियाच्या पॅराटाइपने काढलेला, मोफत, तिरक्यासह) किंवा नोटो सेरिफ. नोटोत देवनागरीची फाइल वेगळी आणि लॅटिन-ग्रीक-सिरिलिकची वेगळी असते. एक टाकून दुसरी मिळेल असे समजू नका. मुक्ता, पॉपिन्ससारख्या लोकप्रिय देवनागरी फॉन्टमध्ये सिरिलिक नाही.

फॉन्ट पूर्ण आहे का हे तपासायला रशियन लोकांचे ठरलेले वाक्य आहे: ‘हे मऊ फ्रेंच पाव आणखी खा, आणि चहा पी.’ मूळ रशियन वाक्यात ३३ पैकी ३३ अक्षरे येतात. रशियन येणाऱ्या कोणालाही सांगा, तोंडपाठ म्हणून दाखवतील. ते एकदा टाइप करून घ्या आणि प्रत्येक फॉन्टची परीक्षा त्यावर घ्या: साधे, तिरके, ठळक, आणि सगळे मोठ्या अक्षरांत. त्यासोबत नंबराचे चिन्ह (मोठा एन आणि बारीक ओ जोडलेले, युनिकोड २११६) आणि टोकदार अवतरणे घालायला विसरू नका. अक्षरे असूनही चिन्हे नसलेले फॉन्ट पुष्कळ निघतात.

आता आकार. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकारांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून त्याच पॉइंटात ती लहान दिसते. १३.५ पॉइंट देवनागरीशेजारी १३.५ पॉइंट सिरिलिक अंगावर येते. शिवाय सिरिलिकच्या छोट्या लिपीत वर-खाली डोकावणारी अक्षरे कमी, त्यामुळे शब्द सपाट, जाड पट्टीसारखा दिसतो. देवनागरीच्या ८० ते ८५ टक्के आकारापासून सुरुवात करा, १३.५ ला ११. एका कागदावर ७८, ८२, ८६ अशी तीन मापे छापून बघा. हा निर्णय स्क्रीनवर घेऊ नये. ओळींमधले अंतर ऑटोवर न ठेवता ठाम आकडा द्या, उदाहरणार्थ १९.

इनडिझाइनमधली बांधणी

पहिल्यांदा कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारी यंत्रणा. परिच्छेद शैलीच्या जस्टिफिकेशन भागात ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळायला तो लागतोच. सिरिलिकला एरवी लागत नाही, पण आघातचिन्हे असतील तर तिथेही लागतो.

मग एक परिच्छेद शैली आणि एक कॅरेक्टर शैली बनवा. पूर्ण रशियन परिच्छेद किंवा कविता असेल तिथे ‘रशियन-परिच्छेद’ ही स्वतंत्र शैली; फॉन्ट, आकार, भाषा सगळे तिच्यातच. मराठी वाक्यात अधूनमधून येणाऱ्या रशियन शब्दांसाठी ‘रशियन-शब्द’ ही कॅरेक्टर शैली. तिच्यात फॉन्ट, आकार, आणि ॲडव्हान्स्ड कॅरेक्टर फॉरमॅट्समध्ये जाऊन लँग्वेज रशियन. हीच शैली मजकुरात, तळटिपांत आणि शीर्षकांतही वापरायची असेल, तर ठरावीक पॉइंट देण्याऐवजी आडवे आणि उभे स्केल दोन्ही ८२ टक्के द्या. दोन्ही सारखे असले की अक्षर विद्रूप होत नाही, आणि शेजारच्या मजकुराप्रमाणे आकार आपोआप बदलतो.

ही शैली शब्दाशब्दाला हाताने लावत बसू नका. मराठी मजकुराच्या परिच्छेद शैलीत ग्रेप स्टाइल हा भाग आहे; दिलेल्या नमुन्यात बसणाऱ्या अक्षरांना तो आपोआप शैली लावतो. न्यू ग्रेप स्टाइल करा, अप्लाय स्टाइलमध्ये ‘रशियन-शब्द’ निवडा, आणि टू टेक्स्टच्या चौकटीत हे टाइप करा: उघडणारा चौकोनी कंस, रशियन कीबोर्डवरून मोठे ‘आ’, आडवी रेघ, छोटे ‘या’, लगेच मोठे ‘यो’ आणि छोटे ‘यो’, बंद होणारा चौकोनी कंस, शेवटी अधिकचे चिन्ह. मध्ये कुठेही स्पेस नको. दोन्ही ‘यो’ वेगळे लिहायचे, कारण ते रांगेच्या बाहेर आहेत. ते विसरलात तर प्रत्येक ‘यो’ मराठी फॉन्टमध्ये जाऊन चौकोन होतो. रशियन शब्दाच्या मधोमध एकच गुलाबी चौकोन दिसला, तर निम्म्या वेळा कारण हेच असते.

युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन शब्दही येणार असतील, तर अक्षरांची रांग न देता पूर्ण विभागच द्या. चौकोनी कंसात उलटी तिरकी रेघ, इंग्रजी छोटा एक्स, महिरपी कंसात ०४००. मग आडवी रेघ. मग तसेच ०४एफएफ. आकडे आणि एफ इंग्रजी कीबोर्डवरचे.

ग्रेप शैलीची मर्यादाही सांगून ठेवतो. दोन रशियन शब्दांमधली स्पेस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे तिच्यात येत नाहीत. ती मराठी फॉन्टचीच राहतात. सुट्या शब्दांना हे खपून जाते. आठ-दहा शब्दांच्या उद्धरणात मात्र अंतरे विषम दिसतात, तिथे कॅरेक्टर शैली हातानेच लावा. चारशे पानांच्या एकाच फाइलीत भरमसाट ग्रेप शैली घातल्या तर इनडिझाइन मंदावते, म्हणून प्रकरणांच्या फाइली वेगळ्या ठेवा.

प्रेफरन्सेसमधल्या ॲडव्हान्स्ड टाइपमध्ये ‘मिसिंग ग्लिफ प्रोटेक्शन’ असते (ग्लिफ म्हणजे अक्षराचा आकार). ते चालू असेल, तर पूर्ण परिच्छेदाला देवनागरी फॉन्ट लावल्यावर रशियन अक्षरे गुपचूप आधीच्या फॉन्टमध्ये राहतात. चौकोन दिसत नाही, पण पुस्तकात नको तो फॉन्ट शिल्लक राहतो. शेवटी टाइप मेनूतल्या फाइंड फॉन्टमध्ये (नव्या आवृत्त्यांत फाइंड/रिप्लेस फॉन्ट) जाऊन यादी पाहायचीच. यादीत तुम्ही ठरवलेल्याखेरीज एकही नाव दिसता कामा नये.

ओळ तोडणे

रशियन शब्द लांब असतात. न तोडता लावले तर ओळीत भगदाडे पडतात. नवख्याला इथे एक कोडे हमखास पडते: भाषा रशियन केली तरी शब्द तुटत नाही. कारण भाषा हा अक्षराचा गुण आहे आणि हायफनेशन हा परिच्छेदाचा. मराठी मजकुरात हायफनेशन आपण सवयीने बंद ठेवतो, त्यामुळे त्यातले रशियनही तुटत नाही. उपाय असा: परिच्छेद शैलीत हायफनेशन चालू करा, पण त्याच शैलीत मराठीची लँग्वेज ‘नो लँग्वेज’ ठेवा. मग मराठी शब्द अखंड राहतात आणि ‘रशियन-शब्द’ शैलीतले तेवढे तुटतात. किमान ६ अक्षरांचे शब्द, सुरुवातीला २ आणि शेवटी २ अक्षरे, सलग जास्तीत जास्त २ ओळी, असे आकडे पुरतात. एक अक्षर एकटे मागे किंवा पुढे ठेवायचे नाही, आणि मृदू व कठोर चिन्ह किंवा आखूड ‘इ’ आधीच्या अक्षरापासून तोडायचे नाही, हा रशियनचा नियम आहे. भाषा बरोबर असेल तर तो शब्दकोशाकडून पाळला जातो. हाताने हायफन घातलात तर जबाबदारी तुमची.

आघातचिन्ह

शब्दावली आणि पाठ्यपुस्तकांत स्वरावर आघात दाखवणारी तिरकी रेघ लागते. तिचे वेगळे चिन्ह आहे, युनिकोड ०३०१; ते स्वराच्या नंतर टाइप करायचे. वर्डमध्ये स्वरानंतर ०३०१ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा. इनडिझाइनमध्ये ग्लिफ्स पॅनेलमधून घ्या, किंवा एकदा आणून कॉपी-पेस्ट करत राहा.

बरेच जण इथे शॉर्टकट मारतात: फ्रेंच-स्पॅनिशमधले रेघवाले ए, ई, ओ उचलून लावतात, कारण ते दिसायला तसेच. छापल्यावर फरक कळत नाही, हे खरे. पण शोधताना शब्द सापडत नाही, अकारविल्हे लावताना तो भलतीकडे जातो, हायफनेशन बिघडते, आणि रशियनच्या निम्म्या स्वरांना असे तयार जुळे नाहीच. आघातचिन्ह अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी पडले, तर आधी कंपोझर वर्ल्ड-रेडी आहे का पाहा, मग फॉन्ट बदलून पाहा. ग्रेप शैलीच्या चौकोनी कंसात उलटी रेघ, एक्स आणि महिरपी कंसात ०३०१ हेही घाला. नाहीतर शब्द आघाताच्या जागी दुभंगतो.

दिसायला तेच, अक्षर वेगळे

सिरिलिकचे छोटे ‘आ’, ‘ये’, ‘ओ’, ‘एर’, ‘एस’, ‘उ’, ‘खा’ हे इंग्रजी ए, ई, ओ, पी, सी, वाय, एक्सपासून डोळ्याला वेगळे ओळखू येत नाहीत. घाईत टाइप केलेल्या मजकुरात ही भेसळ असतेच. कीबोर्ड बदलायला अर्धा सेकंद उशीर झाला की एक इंग्रजी सी आत शिरतो. प्रूफरीडर कितीही पट्टीचा असला तरी कागदावर ते सापडणार नाही. मशिनकडूनच शोधून घ्या: फाइंडच्या ग्रेप खिडकीत दोन चौकोनी कंस शेजारी ठेवा, पहिल्यात रशियन रांग, दुसऱ्यात इंग्रजी ए ते झेड मोठी-छोटी. मग उलट क्रमाने पुन्हा शोधा. एका अक्षराची रशियन अव्यये यातून सुटतात, त्यासाठी दोन स्पेसमधले एकटे इंग्रजी अक्षर वेगळे शोधावे. त्यानंतर रशियन स्पेलचेक फिरवा.

तिरका टाइप आणि चिन्हे

मराठी प्रूफरीडरला आधीच सांगून ठेवा: तिरक्या सिरिलिकमध्ये छोटे ‘ते’ इंग्रजी एमसारखे, ‘दे’ जीसारखे, ‘पे’ एनसारखे आणि ‘इ’ यूसारखे दिसते. ही चूक नव्हे. उलट, तिरके करूनही ‘ते’ सरळ टी-सारखेच राहिले, तर तो खरा तिरका फॉन्ट नाही. वर्डने साधे अक्षर नुसते कलते केले आहे. अशी फाइल इनडिझाइनमध्ये आणली की तिथे तिरके वजनच न सापडून गुलाबी पट्टा येतो. सर्बियनमध्ये यांतल्या काही अक्षरांचे तिरके आकार रशियनपेक्षा वेगळे असतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात, आणि कोणते काढायचे हे फॉन्ट भाषेच्या खुणेवरून ठरवतो. सर्बियन उताऱ्याला आळसाने रशियन भाषा लावू नका.

रशियन अवतरणे टोकदार दुहेरी कोनांची. त्यांच्या आत पुन्हा अवतरण आले तर खाली उघडणारी आणि वर मिटणारी स्वल्पविरामी जोडी. विंडोजवर ऑल्ट धरून नंबरपॅडवर ०१७१ आणि ०१८७. प्रेफरन्सेसमधल्या डिक्शनरीत रशियन निवडून दुहेरी अवतरण बदलले, तर रशियन भाषा लावलेल्या मजकुरात ती आपोआप पडतात. लांब रेघ (ऑल्ट ०१५१) दोन्ही बाजूंना स्पेस ठेवून लावतात, पैकी आधीची स्पेस न तुटणारी. रेघ ओळीच्या सुरुवातीला येऊ नये म्हणून. संवाद मात्र रेघेनेच सुरू होतो, तिथे ती ओळीच्या सुरुवातीलाच असते. आद्याक्षरे आणि आडनाव यांच्यामध्ये, तसेच एकाक्षरी अव्ययांनंतरही न तुटणारी स्पेस घाला.

लेटेकमध्ये

मराठीसोबत रशियन लावायचे तर झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्या; फॉन्टस्पेक आणि पॉलिग्लॉसिया ही दोन पॅकेजे. मुख्य भाषा मराठी, इतर भाषा रशियन. देवनागरी आणि सिरिलिक या दोन्ही लिपींसाठी फॉन्टचे कुटुंब स्वतंत्र जाहीर करायचे. सिरिलिकचे राहिले, तर पॉलिग्लॉसिया ‘मुख्य फॉन्टमध्ये सिरिलिक लिपी नाही’ अशी तक्रार करून थांबते. आकार जुळवायला सिरिलिक फॉन्टला ०.८२ स्केल द्या. लुआलेटेकमध्ये देवनागरी फॉन्टला हार्फबझ रेंडरर (अक्षरे जुळवणारी यंत्रणा) सांगा, नाहीतर जोडाक्षरे बिघडण्याचा धोका असतो. शोभिका टेक लाइव्हमध्ये आहे, वेगळा उतरवावा लागत नाही. उबंटूवर सिरिलिक भाषांचा टेक लाइव्ह संच वेगळा बसवावा लागतो; तो नसला तर रशियन शब्द तुटत नाहीत आणि ओळी समासाबाहेर जातात.

जुन्या पीडीएफलेटेकनेच, म्हणजे इंग्रजी लेखात रशियन संदर्भ घालायचे असतील, तर फॉन्टएन्कला टी२ए आणि बेबलला रशियन पुरते. बेबलच्या यादीत शेवटी लिहिलेली भाषा मुख्य धरली जाते, म्हणून इंग्रजी शेवटी. पीडीएफमधली रशियन अक्षरे दाणेदार, फुटकी दिसली तर सीएम-सुपर हे पॅकेज नाही असे समजा. ते नसले की ठिपक्यांचे फॉन्ट वापरले जातात. फॉन्टएन्क आणि टी२ए झीलेटेकच्या फाइलीत मात्र घालू नका, दोन पद्धतींची खिचडी होते.

झीलेटेकमध्ये फॉन्टमध्ये नसलेले अक्षर नुसते गायब होऊ शकते, चौकोनसुद्धा नाही. फाइलीच्या सुरुवातीला ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ची किंमत ३ करा, २०२१ पासूनच्या टेक लाइव्हमध्ये मग अशा अक्षराला थेट चूक म्हणून थांबवले जाते.

छापखान्यात देण्याआधी

इनडिझाइनची मूळ प्रीफ्लाइट (छपाईपूर्व तपासणीची) यादी फॉन्ट हरवला तर सांगते, आकार हरवला तर सांगत नाही. विंडो, आउटपुट, प्रीफ्लाइट, तिथे नवे प्रोफाइल करून टेक्स्टखाली ‘ग्लिफ मिसिंग’वर खूण करा. खालच्या पट्टीतला दिवा हिरवा होईपर्यंत पीडीएफ काढू नका. शब्दसूची असेल तर इंडेक्सच्या सॉर्ट ऑप्शन्समध्ये सिरिलिकवर खूण आहे का बघा.

छापखान्याला पीडीएफच द्या. उघडी फाइल मागितली तर पॅकेज करून, डॉक्युमेंट फॉन्ट्सच्या फोल्डरसह द्या. ॲडोबीच्या सदस्यत्वातून वापरलेले फॉन्ट या फोल्डरमध्ये येत नाहीत, म्हणून तिसऱ्या लिपीसाठी ते टाळलेले बरे. मुखपृष्ठ कोरलड्रॉमध्ये असेल, तर तिथला रशियन मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे आकृतीत) बदला, आणि बदलण्याआधीची प्रत जपून ठेवा. तयार पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडून प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ आहे याची खात्री करा. मग एक रशियन ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तीच अक्षरे उतरली तर फाइल पाठवायला हरकत नाही. दुसरेच काही उतरले तर कागदावर छापून ठीक येईलही, पण ई-आवृत्तीत त्या पुस्तकातला एकही रशियन शब्द शोधून सापडणार नाही.